वाचक विचारतात : जुव्यावर पुन्हा चूल पेटवताना

प्रश्न : माझे पती जानेवारीत मुंबईत हृदयविकाराने वारले. सासूबाई रत्नागिरी जिल्ह्यात खाडीतल्या एका जुव्यावर, म्हणजे छोट्या बेटावर, एकट्या राहतात. मुंबईचं भाडं आता झेपत नाही, म्हणून तेरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा यांना घेऊन मे महिन्यात कायमचं तिकडे जायचं ठरवलं आहे. मोठे दीर म्हणतात, आधी घराच्या कागदांवर सही कर. मुलगा रोज विचारतो, गावाला बाबा भेटतील का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, सही करू नका. निदान वर्षभर तरी नाही. दिरांच्या मनात काही वाईट असेलच असं नाही, पण हक्कसोडपत्र एकदा नोंदलं गेलं की ते फिरवणं फार अवघड जातं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पतीच्या वाट्याला तुम्ही, दोन्ही मुलं आणि सासूबाई असे चौघं सारखे वारस आहात. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांचा वाटा तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय तुम्हालाही सोडता येत नाही. दिरांना एवढंच म्हणा, "भावोजी, आधी वारसनोंद होऊ दे."

ही नोंद तलाठ्याकडे अर्ज देऊन होते. मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, गाव नमुना 6 मध्ये चढतो, सर्वांना नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहून मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. सातबारा अजून सासऱ्यांच्याच नावावर असेल, तर आधी त्यांचे वारस लागायला हवेत. कोकणात गाडं बहुतेक इथेच अडतं. आणि सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे घरावर लागलं असं नव्हे. घरांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये असते, त्यासाठी वेगळा अर्ज द्या.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच असते, त्यामुळे दाखल्याच्या दहा प्रती मुंबई सोडण्याआधी काढून घ्या. पीएफ, पेन्शन, विमा, बँक यांचे अर्जही निघण्याआधी देऊन पोच घ्या. पावसाळ्यात जुव्यावरून एका सहीसाठी मुंबई गाठायची म्हणजे दोन-तीन दिवस मोडतात. मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा. त्यात आई किंवा वडील गमावलेल्या मुलांनाही धरतात आणि मुलामागे महिना 2,250 रुपये मिळतात.

मे महिना ठरवलात ते योग्यच, मात्र पहिल्या पंधरवड्यात पोचा. मृगाआधी कौलं चाळून घ्यायची असतात आणि शेवटच्या आठवड्यात माणूस मिळत नाही. वाशांना वाळवी आहे का ते सुरीचं टोक खुपसून बघा. टोक सहज आत गेलं तर तो वासा बदलायलाच हवा. पावसाचं तोंड ज्या अंगाला असेल त्या पडवीला माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं बांधून घ्या. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या, सामानात चौघांना महिन्याला पंचवीस ते तीस किलो तांदूळ धरा, दुसरा सिलिंडर भरून ठेवा, सासूबाईंची औषधं दोन महिन्यांची आणा. वादळवाऱ्यात होडी बंद राहते, तेव्हा नेमकी गोळ्यांचीच पंचाईत होते.

पाण्याचं मात्र नीट समजून घ्या. जुव्यावरच्या विहिरीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. मुंबईच्या सवयीने पंप लावून एका दमात टाकी भरलीत, तर खालचं खारं वर चढतं आणि मग पाऊस पडेपर्यंत मचूळच राहतं. सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं शेंदा. पहिल्या पावसानंतर विहिरीत ब्लीचिंग पावडर घालावी लागते, हजार लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते साधारण चौदा हजार लिटर भरतं, म्हणजे 35 ग्रॅम पावडर लागेल. पावडर ताजी हवी, उघड्या पिशवीतली निकामी झालेली असते. बादलीत आधी पातळसर लगदा करा, मग पाणी वाढवून दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली पाण्यात सोडा आणि वरखाली हिसके देत मिसळा. तळाचा चुना विहिरीत टाकू नका, पाणी जड होतं. रात्री शेवटचं पाणी भरून झालं की हे काम करा, म्हणजे सकाळपर्यंत पाणी वापरायला तयार.

मुलीची शाळा पलीकडच्या तीरावर असणार, तेव्हा तिथे घड्याळाबरोबर तिथीही पाहावी लागेल. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात : आठ पाऊण सहा, म्हणून अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. खाडीत आत ही वेळ मागेपुढे होते, ती होडीवाल्याकडून ताडून घ्या. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला भरती, म्हणजे साडेपाचच्या आसपास पुरती सुकती, म्हणजे ओहोटी. शाळा पाचला सुटली की त्रयोदशीपासून पौर्णिमा-अमावास्येपर्यंतचे दिवस अडचणीचे, होडी धक्क्याला लागत नाही आणि चिखलात पाय मांडीपर्यंत रुततो. त्या दिवसांपुरतं पलीकडे एखादं ओळखीचं घर आत्ताच बोलून ठेवा. लाइफ जॅकेट तिच्या वजनाचं, तिचं स्वतःचं घ्या. मोठ्यांचं ढगळ जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. आठवीपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला या कारणाने प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे.

आता मुलाचा प्रश्न. "बाबा देवाघरी गेले", "लांब गेले" असं त्याला कुणी सांगितलं असेल, तर तो त्यांना गावात शोधणारच. लांब म्हणजे गाव, हा त्याचा हिशेब बरोबरच आहे. निघण्याआधी, प्रवासात नव्हे, त्याला जवळ बसवून साध्या शब्दांत सांगा : "बाबांचं हृदय बंद पडलं. ते वारले. वारलेलं माणूस परत येत नाही, गावालाही नाही. तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही." तो लगेच खेळायला पळाला तर वाईट वाटून घेऊ नका, आणि चार दिवसांनी तेच पुन्हा विचारलं तर त्याच शब्दांत सांगा. सासूबाईंनाही हेच शब्द वापरायला सांगा, दोघींची उत्तरं वेगळी पडली की पोर गोंधळतं. अंथरूण ओलं होणं, पोटदुखी, तुम्ही नजरेआड झालात की रडणं हे काही महिने चालतं. सहा महिन्यांनंतरही खाणं, झोप, शाळा जागेवर आली नाही, तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतीच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं, फोन विनाशुल्क आहे. तो क्रमांक तुमच्यासाठीही आहे, आणि तुम्ही सहा महिने थांबायची गरज नाही.

वाडीत कुणी कुंकवावरून, बांगड्यांवरून बोललं तर एक माहीत असू द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ते परिपत्रक तुमच्या ग्रामसेवकाकडे मागा. हळदीकुंकवाला तुम्हाला घेऊन जाणारी पहिली बाई सासूबाई असतील, तर बाकीच्यांची तोंडं लवकर मिटतील. त्यांच्याशी आधीच बोला.

प्रश्न : माझा भाऊ होडीवरून समुद्रात पडला, आठ महिने सापडलेला नाही. वहिनी रोज किनाऱ्यावर जाऊन बसते. क्रियाकर्म करावं का? दाखला कसा मिळेल?

उत्तर : शव नसलं की दाखला सहजी निघत नाही. सात वर्षं माणसाचा काहीच ठावठिकाणा नसेल तर कायदा त्याला मृत मानतो, पण त्यासाठी दिवाणी न्यायालयातून तसं ठरवून घ्यावं लागतं. तोवर पुरावा जपा : पोलिसांकडची बेपत्ता नोंद, तांडेल (होडीचा प्रमुख) आणि खलाशांचे सह्यांसकट जबाब, होडीचे कागद. खलाशी हंगामागणिक होड्या बदलतात, नंतर शोधून सापडत नाहीत. जबाब आत्ताच घ्या. मच्छीमार सोसायटीत गट अपघात विम्याची चौकशी करून अर्जाची पोच ठेवा.

शव नसताना पळसाच्या पानांची प्रतिमा करून पालाशविधी करतात. दाखल्याशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे कागदांसाठी म्हणून तो उरकू नका. वहिनी तयार होईल तेव्हाच करा. तोवर तिला किनाऱ्यावरून ओढून आणू नका. घरातलं एक माणूस रोज तिच्याबरोबर जाऊन बसलं तर बरं, आणि पावसाळ्यात छत्री न्या.