गाडीतल्या लाईटनं शेजारी बसणाऱ्या माणसावर छाप पडते का?

तुम्ही विचारलंय की लग्न ठरलंय, नवी गाडी घेतलीय. आत निळी ॲम्बियंट लाईट, म्हणजे शोभेच्या उजेडाची पट्टी, आणि काळं-लाल इंटिरियर केलं तर होणाऱ्या बायकोवर छाप पडेल का, आणि या रंगांचा चालवणाऱ्याच्या मनावर खरंच परिणाम होतो का. मी कोल्हापुरात उद्यमनगरात 18 वर्षं गाड्यांच्या कुशनचं आणि आतल्या सजावटीचं काम करतोय. परिणाम होतो, चांगलाच होतो. म्हणूनच सांगतो, निळी पट्टी लावू नका.

मी स्वतः ती लावली होती. डॅशबोर्डच्या कडेनं, अगदी काचेजवळ. दुकानात उभी गाडी झकास दिसायची. थंडीत एका रात्री मी आणि बायको फोंडा घाट चढून राधानगरीकडं येत होतो. दाजीपूरच्या जंगलात वळण घेतलं आणि मला समोर दिसले ते फक्त पांढरे पाय. गव्याचं अंग काळं असतं, पाय मात्र गुडघ्याखाली मोजे घातल्यासारखे पांढरे. वर अख्खं जनावर उभं होतं, आणि ते दिसायला हवं होतं तिथं काचेत माझ्याच पट्टीचा निळा पट्टा पडला होता. ब्रेक वेळेत लागला, गवा सावकाश झाडीत उतरला. राधानगरी येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या पट्टी उपटून काढली.

मग मी या विषयाच्या मागंच लागलो. अंधारात आपल्या डोळ्यातल्या दंडपेशी काम करतात. त्यांना निळा-हिरवा उजेड फार जाणवतो, गडद लाल जवळजवळ जाणवतच नाही. डोळा अंधाराला पुरता सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि जवळचा निळा उजेड ती कमाई घालवतो. शिवाय निळ्या उजेडानं मेंदूला दिवस असल्यासारखं वाटतं, झोप आणणारं मेलाटोनिन दबतं. त्यामुळं तरतरी वाटते खरी, पण डोळे शिणलेलेच राहतात. बीएमडब्ल्यूनं कित्येक वर्षं मीटरला नारिंगी-लाल उजेड दिला. स्वीडनची साब मुळात विमानं बनवणारी. त्यांच्या गाड्यांत रात्री एक बटण दाबलं की स्पीडोमीटर सोडून बाकीचं पॅनेल अंधारायचं. मला हे फार आवडतं. न दिसणारा उजेडसुद्धा कुणीतरी विचार करून ठरवलेला असतो.

आता आकर्षणाचं. निळ्या उजेडात माणसाचा चेहरा आजारी दिसतो, डोळ्याखालची काळी वर्तुळं उठून येतात. पिवळसर, समईच्या ज्योतीसारख्या उजेडात कातडी नितळ दिसते, चेहरा सैल वाटतो. गाडीत शेजारच्याचा चेहरा नीट दिसत नसला की माणूस आवाजावरून मूड ताडत बसतो. पायाशी मंद पिवळा उजेड असेल तर नुसतं हसलेलंही कळतं.

काही जण म्हणतात, घाटात गाडी दामटली की मुलगी खूश. यामागं खरंच एक प्रयोग आहे. 1974 साली कॅनडातल्या कॅपिलानो झुलत्या पुलावर डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी पाहिलं, की उंच पुलावर छातीत धडधडणारे पुरुष तिथं भेटलेल्या बाईकडं जास्त ओढले गेले. भीतीची धडधड मनानं ओढीच्या खात्यावर मांडली. पण तिथं भीती पुलाची होती. गाडीत भीती घालणारे तुम्हीच असता, आणि हे शेजारचीला पक्कं ठाऊक असतं. माझ्या बायकोचं ते गप्प बसणं आठवलं की हा फरक मला आजही कळतो.

इंटिरियरचं म्हणाल, तर डॅशबोर्डचा वरचा भाग काळा, बिनचमकीचा ठेवा. तिथं पॉलिश मारलं की दिवसाही काचेत सावली पडते. खाली आणि दारांना बेज चालेल, गाडी मोठी वाटते. सीटला काळं-लाल करायचं असेल तर मेमधलं ऊन डोळ्यापुढं आणा, काळं लेदरेट चटके देतं. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: सीटच्या बाजूला साईड एअरबॅग असेल तर तिथली शिवण कच्च्या दोऱ्यानं, एअरबॅगच्या धक्क्यानं उसवेल अशीच हवी. कारागिराला आधी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर गाडी परत घेऊन या.

पट्टी घ्यायच्या आधी रात्री गाडीत बसा, अंधाऱ्या रस्त्याला. मोबाईलवर कोरी पिवळी स्क्रीन लावून ब्राईटनेस तळाला न्या, तो पायाशी ठेवा आणि काचेकडं बघा. काचेत काहीच उमटलं नाही तर पट्टी तिथंच बसवा, डिमर लावून. वायर फ्यूज बॉक्समधनं घ्या, कंपनीची वायरिंग कापू देऊ नका. मग दोघं पन्हाळ्याला जा आणि अंधार पडल्यावर उतरा.