श्रीखंडाच्या डब्यातल्या गोळ्या

"मॅडम, आईंना वेड लागत चाललंय का हो?"

सूनबाईंनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं, तेही अगदी दबक्या आवाजात, कारण सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. घरातलं म्हातारं माणूस अचानक बदललं की हा प्रश्न या ना त्या शब्दांत माझ्याकडे येतोच. म्हणून हा अनुभव लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू बहात्तर वर्षांच्या. यजमान जाऊन चार महिने झालेले. तेव्हापासून झोप उडालेली, जेवण कमी, तिन्हीसांजेला दारात बसून राहायच्या. पहिल्या भेटीत त्या थोड्या मंद वाटल्या होत्या, पण मी ते दुःखाच्या खात्यावर टाकलं आणि आठवड्यानंतरची वेळ दिली. तिथे माझी चूक झाली.

दुसऱ्या भेटीला आल्या त्या भिंत धरून. चप्पल काढायला वाकल्या आणि तशाच थांबल्या, कशासाठी वाकलो तेच विसरल्यासारख्या. काकांचं नाव काढलं तर चेहऱ्यावर काहीच नाही. दुःखात माणूस गप्प होतं, पण त्याला आज वार कुठला ते कळतं. काकूंना ते सांगता येईना. शिवाय मळमळ, डोकं जड, आणि दोन दिवसांपूर्वी न्हाणीघरात तोल गेलेला.

"हे कधीपासून?"

"आठेक दिवस झाले. नवीन गोळी सुरू केल्यावर झोप लागायला लागली होती, मग हे असं."

"कुठली गोळी?"

"रात्रीची. पांढरी."

घर जवळच होतं. मी त्यांना सांगितलं, घरात असेल नसेल ते सगळं औषध घेऊन या. चूर्ण, डोळ्यांचे थेंब, शेजारणीने दिलेली गोळीसुद्धा. अर्ध्या तासात त्या श्रीखंडाचा एक किलोचा डबा घेऊन आल्या. टेबलावर ओतला तर निम्म्या पट्ट्या कात्रीने कापलेल्या, नावाचा भाग दुकानातच राहिलेला. काकूंना विचारलं तर त्या रंगावरून सांगणार. गुलाबी ती बीपीची, बारकी ती थायरॉइडची.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. कुठली गोळी ठेवायची आणि कुठली काढायची हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण यादी करता येते. वरचं ठळक नाव कंपनीचं असतं, खाली बारीक अक्षरात खरं औषध लिहिलेलं असतं. ते बारीक अक्षर, कुणी दिलं, कधीपासून आणि कशासाठी, एवढं आम्ही कागदावर उतरवत गेलो. पट्टीवर सापडलं नाही ते जुन्या चिठ्ठ्यांतून काढलं.

बीपीच्या एका गोळीत दोन औषधं निघाली, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन. दुसरं लघवी वाढवणारं. ही गोळी सहा वर्षांपासून. अठरा दिवसांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी उदासीसाठी दिलेल्या पांढऱ्या गोळीतही दोन, एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम. आणि काका गेले त्या आठवड्यात फॅमिली डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी, तीही क्लोनाझेपामच. कंपनी वेगळी, नाव वेगळं, त्यामुळे तेच औषध दोनदा पोटात जातंय हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक, दुखलं की एक. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आणि पाठोपाठ चहाबरोबर कॅल्शियम.

कागद हातात देऊन मी त्यांना त्याच दुपारी फिजिशियनकडे पाठवलं. रक्तातलं सोडियम आलं ११८. ते साधारण १३५ ते १४५ असायला हवं. काकू पाच दिवस दवाखान्यात होत्या.

नंतर डॉक्टरांनी समजावलं ते असं. लघवी वाढवणाऱ्या औषधाने शरीरातलं मीठ बाहेर जातं. उदासीवरच्या या गटातल्या औषधांनी काही जणांच्या, विशेषतः वयस्कांच्या, शरीरात पाणी साठून राहतं. दोन्ही एकत्र आली की सोडियम उतरतं, आणि बहुतेक वेळा ते पहिल्या काही आठवड्यांतच. त्यात अशक्तपणा आला म्हणून घरच्यांनी "पाणी भरपूर प्या" म्हणत तांब्यावर तांब्या दिला. त्याने उरलंसुरलं सोडियम आणखी पातळ झालं. एकेकटी बघितली तर यातली प्रत्येक चिठ्ठी कारणानेच दिलेली होती. फक्त एका डॉक्टरांचा कागद दुसऱ्यांनी पाहिला नव्हता.

दवाखान्याच्या जिन्यात सूनबाई माझ्याशी फोनवर रडल्या. "म्हणजे मीच पाजत होते ना? रोज मोबाइलला गजर लावून!" या वाक्यापाशी मला थांबावंसं वाटतं. घरात औषधं सांभाळणारी एक व्यक्ती असते, बहुधा सून, लेक किंवा बायको. वेळ चुकली की बोलणी तिला, आणि असं काही झालं की अपराधही तिच्याच पदरात. मी त्यांना म्हटलं, तुम्ही चिठ्ठीप्रमाणे दिलंत, आणि काहीतरी बिनसलंय हे घरात सगळ्यांत आधी तुम्हालाच दिसलं. तुम्ही त्यांना घेऊन आलात म्हणून रक्त तपासलं गेलं.

पुण्याहून मुलाचं दुसरं टोक. "बंद करा सगळ्या गोळ्या!" हे तर जास्तच घातक. क्लोनाझेपाम एकदम थांबवलं तर झोप पार उडते, घालमेल होते, कधी झटकेसुद्धा येतात. बीपीची गोळी सोडली तर बीपी चढतो. आणि सोडियम कमी आलं म्हणून घरी मीठ चारायचं नसतं. दवाखान्यातही ते हळूहळूच वर आणतात, कारण घाईने मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांनी क्लोरथॅलिडोन आणि एस्सिटॅलोप्रॅम थांबवलं, क्लोनाझेपाम पायरीपायरीने कमी केलं. बीपीच्या औषधांबरोबर डायक्लोफेनॅक मूत्रपिंडांना भारी पडतं म्हणून तेही बंद. कॅल्शियम दुपारी गेलं, थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी.

मूळ प्रश्नाकडे येते. स्मृतिभ्रंश बहुतेकदा महिन्या-वर्षांच्या चालीने येतो. चार-आठ दिवसांत माणूस गोंधळलं, झोपाळलं, पडायला लागलं, तर आधी शरीर तपासायचं, सोडियम, साखर, लघवीचा संसर्ग, आणि नवीन सुरू झालेलं औषध. तेही त्याच दिवशी, पुढच्या तारखेची वाट न बघता. औषधाचा त्रास झाल्याची नोंद रुग्ण किंवा नातेवाईकही करू शकतात, त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा सरकारी टोल-फ्री क्रमांक आहे.

ती यादी आता काकूंच्या फ्रिजवर चिकटवलेली असते. दाताच्या डॉक्टरकडे जातानाही तिचा फोटो सोबत असतो, आणि सूनबाई पट्टीवरचं नाव कापू देत नाहीत.

महिन्याभराने काकू आल्या, आधाराशिवाय. सूनबाई सांगत होत्या की आता गोळ्यांसाठी कप्प्याकप्प्यांची डबी आणलीय. मध्येच काकू म्हणाल्या, "मग तो श्रीखंडाचा डबा कुठं टाकलास? पाडव्याला यांनीच आणला होता तो."

आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच रडल्या. पुढचा पाऊण तास आम्ही काकांबद्दल बोललो.