स्टार्टर खोलण्याआधी अर्थिंग बघा

जुन्या पिकअपचं इंजिन सेल्फ मारल्यावर जड फिरतं म्हणून लगेच स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) काढू नका. बऱ्याचदा दोष केबलमध्ये असतो, विशेषतः अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या केबलमध्ये.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट हवेत. 12.2 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढचं मोजमाप फसवं येतं. मग गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टीमीटरची एक पिन निगेटिव्हच्या शिशाच्या खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, तिथेच तर घाण असते), दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टपर्यंत ठीक, 0.5 च्या वर गेलं तर अर्थ खराब. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे स्टार्टरचा करंट जाड अर्थ केबलमधूनच परततो. बोल्टखाली गंज धरला की स्टार्टरला व्होल्टेज कमी पडतं.

बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडा. केबलचं टोक आणि बोल्टची जागा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, ग्रीस नंतर वरून. केबलची तार हिरवी पडली असेल तर घासत बसू नका, तेवढ्याच जाडीची नवी टाका. पॉझिटिव्ह खांब ते स्टार्टरचा मोठा बोल्ट, तिथेही हीच चाचणी.