सासरचे नऊ दिवस आणि सहा पुस्तकं

प्रश्न : मी ठाण्याला नोकरी करते. नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन नऊ दिवस वेंगुर्ल्याला सासरी जाते. गेल्या वर्षी सहा पुस्तकं नेली, पन्नास पानंही झाली नाहीत. डाउनलोड केलेली मालिका मध्येच उघडेनाशी झाली. वर सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "सून इली हा, पण सगळो वेळ मोबाईलात." यंदा काय करू?

उत्तर : सूनबाई, सहा पुस्तकं म्हणजे दीडेक हजार पानं. कादंबरी आरामात वाचली तर तासाला तीसेक पानं होतात. येण्याजाण्याचे दिवस सोडले तर उरतात सात, आणि रोज दोन तास मिळाले तर चारशे पानं. तेव्हा अडीचशे पानांची एकच कादंबरी घ्या आणि सोबत दोन दिवाळी अंक. कुणी हाक मारली, दाराशी मासेवाली आली, तरी अंकातली कथा अर्ध्या तासात हाती लागते. (मराठीत दिवाळी अंकाची प्रथा 1909 साली रुजवणारे काशीनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर, म्हणजे तुमच्या सासरच्याच मुलखातले.)

दोन तास मिळतात दुपारी, जेवणं आटोपून घर आडवं झालं की. तेव्हा पडवीत बसून वाचा, खोलीचं दार लावून नको. आणि पुस्तक छापीलच न्या. फोनवर तुम्ही कादंबरी वाचताय की ऑफिसशी बोलताय, हे सासूबाईंना कळणार कसं? त्यांचा राग वाचनावर नसावा.

मालिकेचा घोळ बहुधा मुदतीचा. कित्येक अ‍ॅपवर डाउनलोड केलेला भाग एकदा सुरू केला की 48 तासांत संपवावा लागतो. चालतंय का बघायला सगळे भाग थोडे थोडे लावले असतील, तर सगळ्यांची मुदत तेव्हाच सुरू झाली. यंदा निघायच्या आदल्या दिवशी घरच्या वायफायवर साध्या दर्जात उतरवून घ्या. तासाला साधारण एक जीबीच्या आत भागतं, एचडीला तीनपर्यंत जातं. मग फोन फ्लाइट मोडवर टाकून एकच भाग लावून बघा. सबटायटल हवी असतील तर तीही तेव्हाच तपासा. लाईट जाते म्हणून दहा हजार एमएएचची पॉवर बँक घेतलीत, तर पाच हजार एमएएच बॅटरीचा फोन दोनदा पूर्ण भरेल असं समजू नका. बरीच ऊर्जा वाया जाते. मुलं झोपल्यावर रात्री एक भाग, बस्स.

आणि एक खेळ सासूबाईंसोबत बघा. डिसेंबरात जत्रा ऐन भरात असतात. गावात किंवा शेजारच्या गावात धयकालो, म्हणजे जत्रेतला दशावतारी नाटकाचा खेळ, कधी आहे, हे तुम्हीच त्यांना विचारा. पालखी झाल्यावर, मध्यरात्रीच्या सुमाराला दशावतार उभा राहतो. आधी गणपती, मग संकासुर राक्षसाची धमाल. पुष्कळ पाहुणे तेवढं बघून उठतात आणि तिथेच फसतात. खरं आख्यान त्यानंतर लागतं आणि पहाटेपर्यंत चालतं. लिहिलेली संहिता नसते, नट संवाद जागच्या जागी रचतात. पौराणिक कथा ठाऊक नसेल तर आधी सासूबाईंकडून ऐकून घ्या, म्हणजे कोण कुणाला टोमणा मारतोय ते कळेल. चटई, शाल, कानटोपी न्या, दंव पडतं. खाजा, म्हणजे जत्रेतला गोड खाऊ, तिथेच मिळेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र झोपच येणार. चारशेतून साठ पानं वजा धरा.