वेगवेगळ्या राज्यांचे पोलीस गुंडांच्या टोळ्यांची माहिती एकमेकांना देतात का? साऱ्या देशाची एकच यादी का करत नाहीत?

देतात, पण हवी तेव्हा आणि हवी ती मिळतेच असं नाही. मी मध्य प्रदेश पोलिसात होतो, बरीचशी नोकरी ग्वाल्हेरला आणि शेवटची वर्षं क्राईम ब्रांचच्या रेकॉर्डवर गेली. तेव्हा इथलंच सांगतो.

ग्वाल्हेरहून आग्र्याला निघालात की सव्वाशे किलोमीटरच्या आत तीन राज्यांची हद्द लागते. मुरैना आपलं, चंबळ ओलांडली की राजस्थानचं धौलपूर, पुढे उत्तर प्रदेश. समजा, ग्वाल्हेरच्या लश्कर भागात एका बाईच्या गळ्यातली साखळी ओढली. मोटारसायकल धौलपूरहून चोरलेली आणि सोनं वितळवणारा आग्र्याचा. प्रत्येक ठाण्याला आपापला तुकडा दिसतो. पोलीस हा राज्यांचा विषय, त्यामुळे दिल्लीहून हुकूम आला आणि तुकडे जुळले, असं होत नाही.

कागदावर आलेल्या गुन्ह्यांची अडचण आता पुष्कळ कमी झालीय. सीसीटीएनएसवर, म्हणजे देशभरातली ठाणी जोडणाऱ्या संगणक यंत्रणेवर, दुसऱ्या राज्यातली एफआयआर इथल्या ठाण्यात बसून शोधता येते. पण नावावरून शोधायला बसा म्हणजे कळेल. एकच पोरगा इथे ‘छोटू उर्फ राजू’, तिकडे ‘राजेश’. बापाचं नाव एका ठिकाणी रामसिंह, दुसऱ्या ठिकाणी नुसतं रामू. वय दोन वर्षं पुढेमागे. म्हणून डोसियर, म्हणजे गुन्हेगाराची फाइल, उघडलं की मी आधी गोंदण, जुन्या जखमेची खूण आणि मामाचं गाव बघायचो, नाव सगळ्यात शेवटी. बोटांच्या ठशांना मात्र उर्फ नसतं. नॅफिसमध्ये, म्हणजे ठशांच्या देशव्यापी संगणक यंत्रणेत, अटक झालेल्याला दहा अंकी क्रमांक मिळतो आणि तो राज्य बदललं तरी तोच राहतो. एप्रिल २०२२ मध्ये मध्य प्रदेशानं त्यावरून एका मृताची ओळख पटवली, देशात पहिल्यांदाच.

खरं घोडं अडतं ते एफआयआरमध्ये न येणाऱ्या माहितीपाशी. कोण कुणाकडे रात्री झोपतो, माल कोण घेतो, उद्या कुठे जमणार आहेत. हे खबऱ्याकडून येतं आणि टीआयच्या, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखाच्या, खिशातल्या डायरीत राहतं. पलीकडे कळवलं आणि तिथून फुटलं तर खबऱ्याच्या जिवावर बेततं. ही भीती रास्त आहे. श्रेय दुसऱ्याला जाईल ही भीतीही असते, तिला मी अजिबात किंमत देत नाही. निवडणुकीआधी सीमेवरच्या जिल्ह्यांच्या बैठका होतात, इनामी बदमाशांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात, पण कामाचं बोलणं होतं ते नंतर, ओळखीच्या माणसाशी, फोनवर. त्याची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता तुमची एकच यादी. घटना, पद्धत, गाडी, ठसे खुशाल वाटा. ‘हा अमक्या टोळीतला’ हे वाटताना मात्र हात आखडताच हवा. कॅलिफोर्नियाची ‘कॅलगँग’ ही सामायिक यादी २०१६ साली राज्याच्या लेखापरीक्षकांनी तपासली, तेव्हा नोंद करताना वर्षाचीही झाली नव्हती अशी ४२ ‘माणसं’ तिच्यात निघाली. लंडनच्या न्यूहॅममध्ये २०१७ साली एका कर्मचाऱ्यानं पोलिसांची २०३ जणांची टोळीयादी, काहीही न झाकता, ४४ जणांना ईमेल केली. तिचे फोटो पुढे विरोधी टोळ्यांच्या हाती लागले. आपल्याकडे तर १८७१ पासून गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मावरूनच माणसं यादीत घातली. कायदा १९५२ साली गेला, पण ठाण्यातली सवय गेली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मागास समाजातल्या निरपराध लोकांची नावं हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे ठाण्यातल्या सराईत गुन्हेगारांच्या नोंदीत, यांत्रिकपणे चढवू नका, हे मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

म्हणून टोळीची माहिती पुढे पाठवायची तर सोबत तीन गोष्टी हव्यात: सांगणारा किती भरवशाचा, कधीची गोष्ट, आणि नोंद पुन्हा कधी तपासायची. अमेरिकेत केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या अशा यंत्रणांना पाच वर्षांच्या आत फेरतपासणीचा नियम आहे. कॅलगँगमध्ये त्याहून पुढच्या तारखा घातलेल्या नोंदी सापडल्या, आणि त्या शोधल्या लेखापरीक्षकांनी. आपल्याकडे यादी करायचीच असेल तर ती दरवर्षी तपासायला खात्याबाहेरचा माणूस आधी नेमा. निवृत्त जिल्हा न्यायाधीश असला तर उत्तम.