तूप, बटर, खोबरेल: कशाच्या जागी काय चालते?

प्रश्न: बिस्किटांच्या एका कृतीत मी १०० ग्रॅम बटरऐवजी घरी कढवलेले १०० ग्रॅम साजूक तूप घातले. बिस्किटे ओव्हनमध्ये पसरून एकमेकांना चिकटली आणि खाताना तुपकट लागली. चूक कोठे झाली? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आपले तूप चांगलेच असणार, चुकले ते माप. विकतच्या बटरमध्ये स्निग्धांश साधारण ८० टक्के असतो आणि उरलेल्या भागात मुख्यतः पाणी असते. घरी लोणी कढवताना हे पाणी आपल्या डोळ्यांदेखत निघून जाते. सुरुवातीला भांडे तडतडते, फेस वर येतो, मग आवाज मंदावत जातो, तळाशी बेरी लालसर होऊन बसते आणि वर नितळ तूप उरते. म्हणजे बटरइतकेच तूप घातल्याने आपल्या पिठात सुमारे २० ग्रॅम स्निग्धांश जास्तीचा गेला आणि पिठाला बांधून ठेवणारे पाणी मात्र मिळालेच नाही. पुढच्या वेळी ८० ग्रॅम तूप घ्यावे, आणि पीठ गोळा होत नसेल तर चमचाभर दूध शिंपडावे. मूळ कृतीत खारे बटर असेल, तर चिमूटभर मीठही लागेल.

तूप कोणत्या अवस्थेत आहे, हेही मापाइतकेच महत्त्वाचे आहे. नानकटाईसाठी थिजलेले तूप आणि पिठीसाखर परातीत घेऊन तळहाताने बराच वेळ फेसतात, तेव्हा पिवळसर तूप हळूहळू पांढरे होते आणि हाताला हलके लागू लागते. हा हलकेपणा त्यात कोंडलेल्या हवेचा असतो, आणि वितळलेल्या तुपात ती हवा टिकत नाही. उन्हाळ्यात तूप बरणीतच पातळ झालेले असते, म्हणून ते आधी फ्रिजमध्ये थिजवून घ्यावे. वळलेली बिस्किटेही भाजण्यापूर्वी २० मिनिटे थंड करावीत.

प्रश्न: माझ्या नातीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. तिच्यासाठी बेसनाचे लाडू तेलात करता येतील का? (एक आजी, नाशिक)

उत्तर: प्रथम एक काळजीची गोष्ट. दुधाची अ‍ॅलर्जी प्रथिनांमुळे होते आणि कढवून, गाळून घेतलेल्या तुपातही त्यांचा अंश राहू शकतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याखेरीज ‘थोडेसे तूप चालेल’ असे मानू नये. लॅक्टोज न पचणे हा निराळा त्रास आहे. तुपात लॅक्टोज नाममात्र असते.

शेंगदाण्याच्या तेलात बेसन खमंग भाजले जाते, परंतु लाडू वळून ठेवला की बसतो. लाडू गोल राहतो, तो थंड होताना तूप थिजते म्हणून, आणि शेंगदाण्याचे तेल घरातल्या तापमानाला थिजत नाही. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजते, म्हणून नाशिकच्या डिसेंबरात त्याचे लाडू चांगले राहतील. मे महिन्यात मात्र ते फ्रिजमध्येच ठेवावे लागतील. खोबरेलातही पाणी नसते, तेव्हा माप तुपाइतकेच धरावे. तेल खाण्यासाठी म्हणून विकले जाणारेच घ्यावे. थोडा सुक्या खोबऱ्याचा कीस भाजून घातला, तर तेलाचा वास परका वाटत नाही. कढई, झारा आणि परात आधी स्वच्छ धुऊन घ्यावी, कारण रोजच्या भांड्यांना तुपाचा हात लागलेला असतोच.

वनस्पती तूप दुधापासून बनत नाही आणि ते थिजतेही, हे खरे आहे. मात्र तेलाला घट्टपणा आणताना त्यात ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला अपायकारक असा स्निग्धांश, तयार होऊ शकते, आणि भारतात जानेवारी २०२२ पासून त्याला २ टक्क्यांची मर्यादा घातलेली असली, तरी लहान मुलीच्या लाडवांसाठी मी ते सुचवणार नाही.

प्रश्न: दिवाळीच्या फराळात मोहन तुपाचे घालावे की तेलाचे? (एक वाचक, पुणे)

उत्तर: चकलीला तेलाचे पुरते: एक वाटी भाजणीला एक मोठा चमचा, कडकडीत तापवून. तिथे चव भाजणीची असते आणि तळणही तेलातच होते, त्यामुळे महागाचे तूप घालूनही त्याचा वास हरवतो. करंजीच्या पारीला मात्र साजूक तुपाचेच मोहन घालावे, कारण तुपाची चव तिथे कळते. चिरोट्याच्या साट्याला तर तेल चालतच नाही. तांदळाची पिठी आणि थिजलेले तूप लोण्यासारखे होईपर्यंत फेसून पोळीवर लावले, म्हणजे ते दोन पोळ्यांच्या मध्ये थर धरून बसते आणि तळताना पदर सुटे होतात. तेल लावले तर ते पोळीत मुरते, आणि चिरोटा आतून एकसंध राहतो.