शांघायच्या डिस्नीलँडसाठी दोन लाखांचं कर्ज काढावं का?

प्रश्न: आम्ही पुण्याचे. मी, पत्नी, मुलगी (9 वर्षं, उंची 130 सेंमी), मुलगा (5 वर्षं, 108 सेंमी) आणि आई (67). 1 ते 6 ऑक्टोबर शांघायला जायचा विचार आहे. पॅकेज 6,20,000 रुपयांचं. त्यात डिस्नीलँड, लेगोलँड आणि हायचांग ओशन पार्क असे तीन दिवस आहेत. किरकोळ खर्चाला 40,000 वेगळे ठेवलेत. साठलेत 4,20,000. उरलेल्या दोन लाखांसाठी 14 टक्क्यांनी दोन वर्षांचं वैयक्तिक कर्ज घ्यावं, तीन लाखांची एफडी मोडावी, की मुलीच्या शिक्षणाची 15,000 ची एसआयपी थांबवावी? घरखर्च महिना 70,000 आहे.

उत्तर: तिन्हींपैकी काहीच करू नका. तूट पडली आहे ती तारखेमुळे आणि पार्कांच्या संख्येमुळे, आणि बरीचशी भरूनही तिथेच निघेल.

आधी तारीख. 1 ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन, आणि त्याला जोडून आठवडाभर सुट्टी असते. सगळा देश फिरायला निघतो. शांघाय डिस्नीलँडची तिकिटं दिवसागणिक चार दरांची असतात. जून 2023 मध्ये लागू झालेले दर 475, 599, 719 आणि 799 युआन. मुलांना आणि ज्येष्ठांना साधारण पाऊण तिकीट. तुमच्या घरात दोन पूर्ण आणि तीन पाऊण, म्हणजे स्वस्त दिवशी 2,018 युआन, महाग दिवशी 3,395. युआन 13 रुपयांना धरला तर फरक 18,000 रुपयांच्या आसपास. पार्क तेच, खेळ तेच. वर गर्दीत पाच वर्षांचं पोर आणि आजी दोन-दोन तास रांगेत उभ्या. (बुक करताना अधिकृत ॲपवर त्या तारखेचा दर बघाच.)

त्यापेक्षा पुढच्या मेचा मधला आठवडा घ्या. आपल्या शाळांना सुट्टी, तिकडच्या शाळा चालू, 1 मेची त्यांची सुट्टी संपलेली आणि जूनच्या मध्यापासून लागणारा पाऊस अजून दूर. पार्कसाठी मंगळवार ते गुरुवारमधला एखादा दिवस.

आता पार्क. डिस्नीलँड पूर्वेला पुडोंगमध्ये, मेट्रोच्या 11 क्रमांकाच्या मार्गाचं शेवटचं स्थानक त्याच्या दाराशी. हायचांग आग्नेयेला लिनगांगमध्ये. जुलै 2025 मध्ये उघडलेलं लेगोलँड नैर्ऋत्येला जिनशानमध्ये, शहरापासून चांगलंच लांब. तीन टोकांना तीन दिवस म्हणजे खरा खर्च गाडीचा. तुमच्या कोटेशनमध्ये शेवटच्या दोन पार्कांचे गाडीसकट 94,000 लावलेत. ते काढा. लेगोलँड या वयाच्या मुलांसाठी चांगलं आहे, हे खरं. पण एकच घ्यायचं तर डिस्नी घ्या, कारण तिथे आजींनाही दिवस घालवता येतो. उरलेले दोन दिवस बंड हा नदीकाठचा रस्ता, यू गार्डन ही जुनी बाग आणि शांघाय संग्रहालय. तिथे पैसे फारसे जात नाहीत.

हिशोब असा: 6,20,000 मधून 94,000 आणि तारखेचे 18,000 गेले की 5,08,000 उरतात. तूट 88,000. दोन लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे 9,600 रुपये बसला असता. व्याजच 30,000 च्या वर, प्रक्रिया शुल्क वेगळं. हप्ता झेपणार होता ना? मग तोच या महिन्यापासून आवर्ती ठेवीत भरा. दहा महिन्यांत 96,000 होतात, वर थोडं व्याज. विमानभाडं वाढलं तर थोडी फट राहील, तेवढ्यासाठी एक रात्र कमी करा; एफडीला हात नको. तीन लाख म्हणजे तुमचा जेमतेम चार महिन्यांचा घरखर्च. तो आधीच कमी आहे.

कोटेशनमधल्या टीसीएसच्या, म्हणजे परदेशी पॅकेजवर सहल कंपनी वसूल करते त्या कराच्या, ओळीकडे नीट बघा. तो खर्च नाही, आगाऊ भरलेला कर आहे. ऑक्टोबर 2024 पासून तो तुम्ही नोकरी करता त्या कंपनीला कळवून पगारातल्या टीडीएसमध्ये वळता करता येतो, नाहीतर रिटर्न भरताना मिळतो. म्हणून बिल तुमच्या पॅनवर घ्या. आईंच्या पॅनवर घेतलं आणि त्यांना करच लागत नसेल, तर परताव्यासाठी मुद्दाम त्यांचं रिटर्न भरावं लागेल.

रांग टाळण्याचा सशुल्क पास, प्रीमियर ॲक्सेस, इथे 40,000 पटकन वितळतात. ट्रॉन या वेगवान रोलर कोस्टरला किमान 122 सेंमी उंची लागते, म्हणजे मुलगा बाद. पाच जणांचा संच घेऊन एकाचे पैसे वाया घालवण्यापेक्षा मुलगी आणि एक पालक एवढेच पास घ्या. सोअरिंग या खेळाला 102 सेंमी चालते, तिथे सगळे बसतील. पास सकाळीच न घेता ॲपवर रांगेचा वेळ बघून घ्या.

तिथे रोख कमी, अलिपे हे मोबाईलवरून पैसे देण्याचं चिनी ॲप जास्त. त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड निघण्यापूर्वी घरीच जोडा, ओटीपी येतो म्हणून आपलं सिम रोमिंगवर चालू हवं. रूपेवर विसंबू नका. 200 युआनपर्यंत शुल्क नाही, त्यावरच्या व्यवहाराला अलिपे 3 टक्के घेतं, आणि बँकेचं परकीय चलनाचं शुल्क व त्यावरचा जीएसटी निराळा. डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड वापरलंत तर चलन दोनदा बदलतं, घेतलंच तर त्यात युआन भरता येतात का ते आधी विचारा.

पार्कची तिकिटं चीनचा प्रवासी व्हिसा हातात आल्यावरच काढा. ती पासपोर्ट क्रमांकावर असतात. मधल्या काळात मुलांचे पासपोर्ट नवे होणार असतील तर ते आधी उरका.

खाण्याचं म्हणाल तर 2019 पासून स्वतःपुरतं खाणं आत नेता येतं, फक्त गरम करावं लागणारं, फ्रिजमध्ये ठेवावं लागणारं किंवा उग्र वासाचं नको. चिवडा, चकल्या चालतील. पेढे मात्र पुण्यातच ठेवा. दुधाचे पदार्थ चीनच्या विमानतळावरच काढून घेतात.